सातबाऱ्यावर नाव नाही, मग गावावर कविता लिहू की नको?

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक तेहतीस वर्षांची, बदलापूरला राहते, रोज लोकलने मुंबईत ऑफिसला येते. आजोबा कुडाळ तालुक्यातल्या एका गावातून लालबागला गिरणीत आले, १९८२ च्या संपात काम गेलं ते गेलंच. वडील सातवीपर्यंत गावच्या शाळेत शिकले, मग मुंबईला आले. ही जन्मली लालबागच्या चाळीत, दहा वर्षांची असताना बिऱ्हाड बदलापूरला हललं. गाव म्हणजे गणपती आणि मे महिना. गावचं घर सामायिक, सातबाऱ्यावर बावीस नावं, त्यात हिचं नाही, आणि एरवी घराला कुलूप. लग्न झालं ते मूळच्या पाटण तालुक्यातल्या मुलाशी, तोही वाढला बदलापूरलाच, त्यामुळे गणपतीला कुठल्या गावाला जायचं यावर दरवर्षी घरात चर्चासत्र भरतं. आजी ब्याऐंशी वर्षांची, यांच्याकडेच असते, अधूनमधून म्हणते, "माका गावाक व्हरा." मालवणी हिला सगळी समजते पण बोलायला तोंड उघडलं की चुलत भावंडं हसतात.

ती कविता करते. मागच्या गणपतीनंतर गावावर सोळा ओळी लिहून तिने घरच्या ग्रुपवर टाकल्या, लाल माती, कौलारू घर, व्हाळाचं पाणी वगैरे. सगळ्यांनी फुलं टाकली, हात जोडले, आणि गावात राहणाऱ्या चुलतभावाने लिहिलं, "ताय, कौलां काढून पत्रे घातले त्याका पाच वर्सां झाली. ह्या खयचा घर?" मग तीच कविता एका कविकट्ट्यावर वाचली तर एक ज्येष्ठ कवी म्हणाले की मुंबईकरांनी गावावर लिहिणं म्हणजे टुरिझम. मुंबईवर लिहावं तर लोकल, गर्दी, पाऊस सगळं लोकांनी आधीच लिहून ठेवलंय. पत्रात मध्येच एक वाक्य येतं, की २०२० च्या मे महिन्यात वडील हट्टाने गावी गेले तर त्यांना चौदा दिवस गावच्या शाळेत ठेवलं, समोर घर दिसत होतं, आणि हाच चुलतभाऊ रोज डबा गेटवर ठेवून जायचा. आणि लगेच पुढे प्रश्न आहे, "मी नक्की कुठली म्हणून लिहू? गाव माझं नाही, शहर माझं झालं नाही. अशा माणसाने लिहावं का?"

अगं, तू माझ्याहून बरीच लहान आहेस म्हणून सरळ अगं-तुगं करते, राग मानू नकोस. तुझ्या चुलतभावाची कमेंट वाचून मी एकटीच मोठ्याने हसले, आणि मग वाटलं की हा पोरगा तुला फुकटात मिळालेला संपादक आहे. सोळा ओळींत कौलं कुठे खोटी पडली ते त्याने एका वाक्यात दाखवलं. ज्येष्ठ कवींनी जे सांगितलं त्यात मात्र काही दम नाही, त्यांच्याकडे येतेच.

आधी तुझी कविता. लाल माती, कौलारू घर, फणस, व्हाळ, आजीचं नऊवारी, हे सगळं कोकणात असतं, मी नाही म्हणत नाही. पण तू ते बघून लिहिलंस की वाचून लिहिलंस हे जरा तपासून बघ. मराठीत गावाचं एक रेडीमेड सामान आहे, शाळेतल्या पुस्तकातून, सिनेमातून, कॅलेंडरवरच्या चित्रातून आलेलं, आणि ते इतकं हाताशी असतं की आपलं म्हणून काढायला गेलं तर तेच हाताला लागतं. मी सोलापूरची, ठाण्यात येऊन तीस वर्षं झाली, सुरुवातीला मीसुद्धा कविता करायचे आणि माझ्या सगळ्या कवितांमध्ये मोट आणि बैल होते. आमच्याकडे ना मोट ना बैल, वडील शाळेत क्लार्क होते, आणि आमच्या गल्लीत सकाळपासून यंत्रमागांचा खडखडाट आणि पलीकडच्या घरातलं तेलुगू, कारण सोलापुरात पद्मशाली विणकर पिढ्यान् पिढ्या राहतायत. ते तेलुगू आणि तो खडखडाट एकाही कवितेत नाही, का तर ते "गाव" वाटत नव्हतं ना! त्या वह्या मी नंतर रद्दीत दिल्या, फार दुःख झालं नाही.

पण तुझ्या सोळा ओळींतल्या दोन ओळी माझ्या डोक्यातून जात नाहीयेत:

आमच्या घराची किल्ली काकीच्या कनवटीला
आणि आम्ही पाहुणे आमच्याच ओटीवर

या तुझ्या आहेत. या कॅलेंडरवर मिळत नाहीत. आणि गंमत बघ, या दोन ओळी ज्या बाईने लिहिल्या तिला "गाव माझं नाही" हे आधीच माहितीये, ती ते लपवतही नाहीये. उरलेल्या चौदा ओळी मात्र "नाही नाही, गाव माझंच आहे" असं सिद्ध करायला धावतायत आणि तिथेच पत्र्यांना अडखळून पडतायत.

आता तुझ्या प्रश्नाच्या पोटात जे गृहीत धरलेलं आहे त्याच्याकडे येऊ. तुला वाटतंय की गावावर लिहायचा हक्क गावात राहणाऱ्याला असतो, म्हणजे कवितेला काहीतरी डोमिसाइल लागतं. मी उलटं विचारते, मराठीत माहेरावर सगळ्यात जास्त कोण बोललं? माहेरात राहणारे भाऊ? त्यांनी कधी माहेरावर ओवी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही, त्यांना ते घर होतं, माहेर नव्हतं. पोरगी कोवळ्या वयात दुसऱ्या गावाला जायची, पहाटे जात्यावर बसायची, आणि भाऊराया, आईची वाट, माहेरचा रस्ता हे सगळं तिथे बसून म्हणायची. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. एक लाख गं! आपण स्थलांतर म्हटलं की मिल, ट्रेन, एअरपोर्ट आठवतो, पण मराठीत स्थलांतरावरचं सगळ्यात मोठं बाड त्या बायकांचं आहे ज्यांना कोणी स्थलांतरित म्हटलंच नाही, लग्न झालं एवढंच म्हटलं.

आणि किलोमीटरवर काही नसतं. बहिणाबाई चौधरींचं माहेर आसोदे आणि सासर जळगाव, आज रिक्षाने जाऊन येता येईल एवढं अंतर. पण ते आसोदे तिच्या गाण्यात असं येतं की जसं काही समुद्रापलीकडे आहे. अक्षरओळख नाही, गाणी पोराने आणि भाच्याने कागदावर उतरवलेली, १९५१ मध्ये ती गेली आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये. त्यात एक गाणं आहे, एक योगी तिला विचारतो की बाई, माहेराचं एवढं कौतुक तर सासरी कशाला आलीस? अगदी तुझ्या चुलतभावासारखा खोचक प्रश्न. आणि ती म्हणते,

लेकीच्या माहेरासाठी
माय सासरी नांदते

हे मी कितीतरी वर्षं आईच्या त्यागाचं गाणं म्हणून ऐकत होते, म्हणजे हळदीकुंकवाला म्हणतात तसं. पण तुझं पत्र समोर ठेवून वाचलं तर वेगळंच दिसलं. ती म्हणतेय की माहेर हे आयतं पडलेलं नसतं, कुणीतरी परक्या ठिकाणी जाऊन तिथे टिकून राहतं म्हणून पुढच्या पोरीला ते मिळतं. तिच्या आईलाही आसोदे परकंच होतं की! म्हणजे आपण ज्याला मूळ गाव मूळ गाव म्हणतो ते आपल्या आज्यांसाठी मूळ नव्हतंच, त्यांच्यासाठी ती पोस्टिंग होती. तुझी आजी "माका गावाक व्हरा" म्हणते ते कुठलं गाव, तुझ्या आजोबांचं की तिच्या वडलांचं, हे तू तिला कधी विचारलंयस का? मी तुझ्या जागी असते तर आज रात्री जेवताना विचारलं असतं. आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवलं असतं. गणपतीतली फुगड्यांची गाणी तिला येत असतीलच, ती आधी घे, बाकी कविता वगैरे नंतर होतंय.

तुला एक मुलगी आहे की नाही ते पत्रात नाहीये. असली किंवा झाली तर तिचं माहेर बदलापूर असणार, हे मात्र कुठल्याही सातबाऱ्याशिवाय नक्की आहे. बदलापूरवर तू एक ओळसुद्धा लिहिलेली नाहीस. तेवीस वर्षं राहतेस.

(सातबाऱ्यावरून आठवलं, वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क २००५ च्या कायद्याने मुलासारखाच आहे, तेव्हा "माझं नाव नाही" हे वाक्य तू कवितेत वापर पण तलाठ्याकडे जाऊन तेच बोलू नकोस. तो वेगळा विषय, त्याला वेगळं पत्र लिही.)

आता ते ज्येष्ठ कवी. टुरिझम म्हणाले ना? अरुण कोलटकरांचं जेजुरी १९७६ साली इंग्रजीत आलं, त्यातला माणूस एसटीने जेजुरीला जातो, दिवसभर भटकतो, आणि शेवटी रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट बघत थांबतो. एका दिवसाचा पाहुणा! ना नवस ना भंडारा. आणि तरी त्या देवळांतली मोडकी दारं, कुत्री, पुजारी हे सगळं असं दिसतं की रोज दर्शनाला जाणाऱ्यालाही दिसलं नसेल. कोलटकरांनी मी जेजुरीकर आहे असा आव आणला असता तर ते पुस्तक तिथेच मेलं असतं. तेव्हा पाहुणेपणाने कविता बिघडत नाही, पाहुणा असून यजमानाचा आव आणला की बिघडते. तू वर्षातले पंधरा दिवस गावी असतेस तर पंधरा दिवसांचं लिही ना. सोळाव्या दिवशी गाव काय करतं ते तुला माहीत नाही, हेसुद्धा लिहिण्यासारखं आहे.

आणि गाव म्हणजे ऊब, माया, मुळं, हे तरी सगळ्यांचं कुठे होतं? डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावाबद्दल काय म्हटलं ते वाच, त्यांच्या लेखी गाव हे संकुचितपणाचं डबकं होतं, आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाने तसं म्हणण्यात आश्चर्य काय. नामदेव ढसाळ पुण्याजवळच्या पूर-कनेरसरहून लहानपणी मुंबईत आले आणि १९७२ ला गोलपिठा आलं तेव्हा त्यात हरवलेल्या गावासाठी कुणी उसासे टाकत नव्हतं. तिथे कामाठीपुरा होता, तिथली भाषा होती, पांढरपेशा वाचकाला जिचे निम्मे शब्द कळणार नाहीत अशी. म्हणून गावची कविता लिहिताना एकदा मनातल्या मनात गावभर फिरून ये, कुठल्या वाडीत तुला कधी नेलंच नाही, कुणाच्या घरी पाणी प्यायलं नाही, देवळात कोणाचा मान आणि कोण बाहेर उभं. तुझ्या पंधरा दिवसांतही ते दिसलं असणारच, लहान मुलांना तर हे फार लवकर दिसतं.

मुंबईकडे वळू. सगळं लिहून झालंय म्हणतेस, पण तू जी लिहून झालेली मुंबई म्हणतेस ती पावसाची आणि लोकलची. तुझ्या आजोबांची मुंबई कुठली होती? गिरणगावात एका गावची माणसं एका खोलीत राहायची, वीस-वीस पंचवीस-पंचवीस, एक पाळी कामावर तर दुसरी झोपलेली, वळकटी तेवढी ज्याची त्याची. बायकापोरं गावाला, जेवण खानावळीत, महिन्याला मनीऑर्डर. कोकणातल्या कितीतरी घरांची चूल त्या मनीऑर्डरवर पेटायची. गावचं मंडळ, भजनाची डबलबारी, शिमग्याला जायची धडपड, म्हणजे गाव गावात होतं त्यापेक्षा जास्त तर त्या खोलीत होतं असं म्हणावंसं वाटतं. जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले, आणि संप संपला असं कोणी धड जाहीरही केलं नाही. तुझे आजोबा "परत कामावर गेलेच नाहीत" एवढंच तू लिहिलंयस. मग ते सकाळी उठून काय करायचे? कुठे जाऊन बसायचे? हे तुझ्या आजीला माहितीये आणि जगात दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

आणि ज्याला गावच नाही त्याचं काय, तर नारायण सुर्वे. आईबाप माहीत नाहीत, जन्मगाव माहीत नाही, गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून घरी आणलं आणि वाढवलं. पुढे गंगाराम रिटायर होऊन कोकणात आपल्या गावी निघून गेले, त्यांना परत जायला गाव होतं, आणि पोरगा मुंबईतच राहिला कारण त्याला जायला काही नव्हतंच. मला हे चित्र फार टोचतं. त्या पोराने पुढे "माझे विद्यापीठ" लिहिलं, १९६६ ला, आणि त्यात गावाची जागा कामगाराच्या रस्त्याने घेतली. सुर्व्यांना तुम्ही मूळचे कुठले हो, असं कोणी विचारलं असतं तर? आपल्याकडे पहिली ओळख झाली की दुसरा प्रश्न हाच असतो, आडनाव आणि गाव, आणि त्यातून जात काढायची असते हे सगळ्यांना माहीत असतं. तू मला "मी नक्की कुठली" विचारलंस तेव्हा हा प्रश्न मुळात तुझा आहे का, की लोकांनी विचारून विचारून तुझ्या तोंडी बसवलाय, ते बघ जरा.

माझा अनुभव असा, की कवितेसाठी "मी कुठली" पेक्षा "मी कोणाशी बोलतेय" हा प्रश्न जास्त कामाचा आहे. ओवी म्हणणारी बाई जात्याशी बोलते, भावाशी बोलते, शेजारणीशी बोलते. तुझी कविता कोणाशीच बोलत नाहीये, ती हॉलमध्ये उभी राहून सगळ्यांना उद्देशून आहे. फक्त त्या किल्लीच्या दोन ओळी काकीच्या कानावर जाव्यात अशा आहेत, म्हणूनच त्यांना धार आहे.

अण्णाभाऊ साठ्यांचं बघ. वाटेगावहून घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला आलेला पोरगा, पुढे गिरण्यांच्या भागातला शाहीर. त्यांची ती मैनेची छक्कड, जी आजही लोकांच्या तोंडी आहे, ती सुरू होते मुंबईत आलेल्या नवऱ्यापासून, मैना गावाकडं राहिली म्हणून जिवाची काहिली होणारा. ती कशी दिसते, कशी चालते, सगळं तपशीलवार, लावणीच म्हण. आणि ऐकता ऐकता शेवटाकडे गाणं वळतं आणि बेळगाव, कारवार येतात, संयुक्त महाराष्ट्राची लढाई येते, बायकोची ताटातूट आणि मुलखाची ताटातूट एकच होऊन जाते. पण आधी मैना आहे. आधी एक बाई, तिचं नाक, तिचा दागिना, मग नकाशा. तू नकाशापासून सुरू केलंस, "माझं कोकण" म्हणून.

भाषेचं तुझं दुखणं मला खरंखुरं वाटतं, कारण समजते पण बोलता येत नाही ही अवस्था आता कितीतरी घरांत आहे, मालवणी असो, अहिराणी असो, झाडीबोली असो, नाहीतर आमच्याकडचं कन्नड मिसळलेलं मराठी. न्यूजर्सी, दुबईहून जी पत्रं येतात त्यांत तर पुढची पायरी असते, मुलांना मराठीच फक्त समजते आणि उत्तर इंग्लिशमध्ये. लोक यावर दोनच उपाय करतात, एकतर बोली सोडून देतात नाहीतर कवितेत कोंबतात, "माका तुका" घातलं की झालं मालवणी. तू असं कर ना, तुझ्या घरात जे होतं तेच कवितेत होऊ दे. आजी मालवणीत विचारते, तू बदलापुरी मराठीत उत्तर देतेस, भाऊ मालवणीत टोमणा मारतो, तू गप्प बसतेस. बोली त्यांच्या तोंडात ठेव आणि तुझं उत्तर तुझ्या भाषेत. मग कोणी हसणार नाही, आणि हसले तर कवितेतच हसू देत, तेही लिही. एखादा शब्द मात्र तुझाच असेल, लहानपणापासून तोंडात बसलेला, ज्याला प्रमाण मराठीत पर्याय तुला आठवतच नाही. माटवी म्हणशील, मांगर म्हणशील, किंवा आई चिडली की जे म्हणायची ते. तो बिनधास्त वापर, कंसात अर्थ देऊ नकोस.

एका शब्दाचं काय होतं ते संत नामदेवांकडे बघितलं की कळतं. पंढरपूरचा माणूस, फिरत फिरत पंजाबात गेला, घुमान गावात त्यांचं मोठं स्थान आहे, गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. ती मराठीत नाहीत, तिकडच्या बोलीत आहेत. पण त्यांत मधेच "बीठल" येतो. चंद्रभागा नाही, वाळवंट नाही, वीट नाही, एवढा एक शब्द तिथल्या लोकांच्या उच्चारात. आणि पंजाबी लोक त्यांना आपलेच बाबा नामदेव मानतात. आपण २०१५ मध्ये साहित्य संमेलन घुमानला नेलं तेव्हा वरात घेऊन गेल्यासारखे गेलो, मुलगा आमचाच बरं का असं सांगायला. त्यांचं काही म्हणणं नव्हतं, दोघांचा असायला त्यांची हरकत नाहीये, आपल्यालाच एक उत्तर लागतं.

अजून एक पत्र मला मागे आलं होतं, त्याचा उल्लेख करते कारण तो मुलगाही हे वाचत असेल. बीडकडचा, आईवडील ऊसतोडीला जाणारे, दिवाळी झाली की मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला कोयता घेऊन निघायचं ते उन्हाळा लागेपर्यंत. अर्धं वर्ष कारखान्याच्या परिसरात कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. तो म्हणाला होता की शाळेत "माझे गाव" निबंध आला की कुठलं लिहू कळायचं नाही. त्याला मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं होतं. आता वाटतं, कोपी जिथे जिथे उभी राहिली त्या जागांची नावं नुसती एकाखाली एक लिहिली असती तरी त्याची कविता सुरू झाली असती, कारण ती यादी दुसऱ्या कोणाकडे नाही, कारखान्याकडेही नाही. तुझं एकदाच झालेलं स्थलांतर, तेही आजोबांचं, त्याचं दरवर्षीचं. दोघांना एकच सल्ला लागू नाही पडत. तुला हरवलेल्या गावाच्या आठवणींपासून जरा लांब जायला हवं आणि त्याला कोणीतरी आठवण काढू दे असं सांगायला हवं होतं.

गणपतीचं विचारलंस, कुडाळ की पाटण. हे कवितेकडून सोडवून घेऊ नकोस, नवऱ्याशी बोल, एक वर्षाआड करा नाहीतर अर्धे दिवस इकडे अर्धे तिकडे, रिझर्वेशन मिळालं तर. पाटणच्या घरी तू सून आहेस, म्हणजे ओव्यांतल्या बायकांसारखीच नव्याने आलेली, तिथलं तुला काहीच रेडीमेड माहीत नाही. सासूबाईंच्या मागे मागे फिरून कुठला डबा कशाचा हे शिकतेस ना, ते मला तुझ्या लाल मातीपेक्षा वाचायला आवडेल.

कविता लिहून झाली की तीन रंगांची पेनं घे. जे स्वतः पाहिलं ते एका रंगाने, जे कोणीतरी सांगितलं, आणि कोणी ते तुला ठाऊक आहे, ते दुसऱ्या रंगाने, आणि जे कुठून आलं ते आठवतच नाही ते तिसऱ्याने. तिसऱ्या रंगाचं जवळपास सगळं जाईल. सोळाच्या पाच ओळी राहिल्या तर पाच. दुसऱ्या रंगातल्या माणसांना विचारल्याशिवाय त्यांचं बोलणं छापू मात्र नकोस, घरातली असली तरी. आणि ग्रुपवर टाकायच्या आधी चुलतभावाला एकट्याला पाठव. हसेल, चुका काढेल, काढू दे.

कारण त्या भावावरच तुझी न लिहिलेली कविता अडकलीय. चौदा दिवसांचं तू एका वाक्यात उरकलंस आणि लगेच "मी कुठली" विचारायला गेलीस. त्या मे महिन्यात कोकणात चाकरमान्यांना गावाच्या सीमेवर अडवलं जात होतं, गावात भीती होती, आजाराची होती, खोटी नव्हती, आणि चाकरमान्यांना ते जिव्हारी लागलं. तेही खोटं नव्हतं. ज्या शाळेत तुझे बाबा पहिली ते सातवी शिकले त्याच शाळेत त्यांना परका म्हणून झोपवलं आणि समोर स्वतःचं घर, पत्र्याचं, कौलांचं नाही. आणि पत्रे कधी घातले हे ज्याला नेमकं माहीत आहे तोच पोरगा रोज गेटपर्यंत यायचा, डबा खाली ठेवायचा, मागे सरकायचा, मग तुझे बाबा पुढे व्हायचे.

बाबांना विचार, आत गेल्यावर ते कुठल्या वर्गात झोपायचे. आणि भावाला फोन कर, पत्र्यांबद्दल माफी वगैरे मागत बसू नकोस, डब्यात काय काय असायचं तेवढं विचार. पहिल्या दिवशी काय होतं आणि चौदाव्या दिवशी काय होतं. तो "काय गो, आता ह्या कित्याक?" म्हणेल, तेही लिहून घे, त्याच्या शब्दांत, दुरुस्त न करता.